उजवं वर, डावं खाली

(इंदुरात मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘सैन्यात मॉडेल विमानांचा क्लब हवा कशाला?’ उत्तर मिळेल. पण आधी एक बाब मिटवून टाकू, नाहीतर ती प्रश्नोत्तरात अर्धा तास खाईल. मराठी सभेत विमान हा शब्द काढला की तिसऱ्या रांगेतून शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव येतंच. 1895 साली चौपाटीवर, सयाजीराव महाराजांसमोर त्यांनी विमान उडवलं म्हणे. त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा हाती नाही. ज्या संस्कृत ग्रंथाचा दाखला दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 मध्ये तपासून मांडलं. झालं. आता तिसरी रांग मोकळी.

सैन्य आणि छंदाची विमानं यांचं नातं लावायचं तर सिनेमावाल्याकडे जावं लागतं. रेजिनाल्ड डेनी हा इंग्रज नट. पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होता, मग हॉलिवूडला गेला, आणि तिथे मॉडेल विमानांचं दुकान काढून बसला. विमानविरोधी तोफांच्या गोलंदाजांना सरावाला हलतं लक्ष्य लागतं. विमानामागे ओढलेल्या कापडावर गोळ्या झाडायच्या म्हणजे पुढच्या वैमानिकाच्या जिवाशी खेळ. डेनीनं 1935 मध्ये अमेरिकी लष्कराला रेडिओवर चालणारं छोटं विमान दाखवलं. लष्करानं पाहिलं, मान डोलावली, आणि कंत्राट दिलं 1940 मध्ये. (इथे माजी सैनिक हसले. सरकारी फायलीचा वेग सगळीकडे सारखाच.) पुढे युद्धकाळात त्याच्या रेडिओप्लेन कंपनीनं अशी सुमारे 15,000 लक्ष्यविमानं बनवली. युद्ध संपत आलं तेव्हा लष्कराचा एक छायाचित्रकार त्या कारखान्यात कामगार बायकांचे फोटो काढायला गेला, तेव्हा त्याला नॉर्मा जीन नावाची पोरगी दिसली. तीच पुढे मेरिलिन मन्रो झाली. आता सगळे जागे झालात, तर कामाला लागू.

इंग्लंडनं त्याच 1935 च्या सुमाराला टायगर मॉथ या शिकाऊ विमानावरून ‘क्वीन बी’ हे रेडिओवर चालणारं लक्ष्यविमान उभं केलं होतं. आपल्याकडे पुढे ‘लक्ष्य’ नावाचं असंच लक्ष्यविमान आलं. म्हणजे फौजेला ही विद्या परकी नाही. रॉयल एअर फोर्सची मॉडेल विमानांची स्वतःची संघटना आहे. आपल्या एनसीसीच्या एअर विंगच्या कॅडेटांना एरोमॉडेलिंग शिकवतात आणि वायुसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही होते. समोर बसलेल्यांपैकी काहींनी त्या बाल्साच्या फळ्या घासल्या असतील.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो: टेबल. मैदानावरचं टेबल, जिथे विमान जोडतात. मॉडेल विमान पडलं की लोक वाऱ्याला, घारीला, विमानातल्या सिग्नल पकडणाऱ्या चिनी रिसीव्हरला शिव्या देतात. बहुतेक विमानं टेबलावरच पडलेली असतात, जमिनीला लागतात तेवढी नंतर.

सगळ्यात ठळक उदाहरण उलट्या एलेरॉनचं, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांचं. रात्री सर्व्हो, म्हणजे पट्टी हलवणारी छोटी मोटर, बदलला, त्याची दांडी (पुशरॉड) पट्टीवरच्या हॉर्नच्या दुसऱ्या बाजूला लावली. किंवा काहीच बदललं नाही, पण रेडिओच्या, म्हणजे हातातल्या नियंत्रकाच्या, मेमरीत दुसऱ्याच विमानाचं नाव निवडलेलं राहिलं. सकाळी मैदानावर मालक काठी हलवतो, एलेरॉन हलतात, मालक खूश. हलतात खरे, पण कुठल्या दिशेला? विमान सुटतं, वारा डावा पंख खाली दाबतो, हा उजवीकडे काठी देतो, विमान आणखी डावीकडे कलतं, हा आणखी काठी देतो. दोन सेकंदांत खेळ खलास. वर म्हणतो, ‘सिग्नल गेला.’

ही तपासणी माणूस एकटा का चुकवतो, ते बघा. एक, त्याला ‘हलतंय का’ हा प्रश्न पडतो, ‘कुठे जातंय’ हा पडत नाही. दोन, तो बहुधा विमानाच्या नाकासमोर उभा असतो, तिथून डावं-उजवं पालटतं. म्हणून पद्धत अशी: दोन माणसं. दोघंही शेपटीच्या मागे, तोंड नाकाकडे. वैमानिक काठी उजवीकडे देतो आणि मोठ्यानं म्हणतो, ‘उजवं.’ मदतनीसानं ‘ओके’ म्हणायचं नाही. ‘ओके’ या शब्दावर आपल्या देशात बंदी घालायला हवी, निदान मैदानापुरती. त्यानं जे दिसतं ते बोलायचं: ‘उजवं वर, डावं खाली.’ काठी मागे, शेपटीची आडवी पट्टी हलते: ‘एलिव्हेटर वर.’ रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, उजवीकडे: ‘रडर उजवं.’ सगळं मिळून अर्धं मिनिट. फौजेत हे सोपं जातं, कारण हुकूम मोठ्यानं म्हणायची आणि मोठ्यानं परत सांगायची सवय पहिल्या दिवसापासून लागलेली असते. नागरी क्लबात लोकांना लाज वाटते. चार माणसांत ‘उजवं वर’ म्हणायची लाज, आणि पंधरा हजारांचं विमान मातीत घालायची नाही!

याच टेबलावर गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचा तोल, तपासायचा. पंखाची रुंदी 200 मिलिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून 50 ते 60 मिलिमीटरवर, म्हणजे 25 ते 30 टक्क्यांवर, दोन बोटांनी विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, नाही जमलं तर नाकात शिसं घाला. शेपूटजड विमान काठी जरा ओढली की उसळी मारतं आणि स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल सुटून कोसळतं, सावरायला वेळ देत नाही. बॅटरी बदलली, मोठी घातली, लहान घातली, की पुन्हा मोजायचं. हे लोक करत नाहीत.

मग रेंज चेक, म्हणजे सिग्नल लांबवर पोचतो का ते बघणं. रेडिओ कमी शक्तीच्या मोडवर टाकून साधारण 30 मीटर मागे जायचं, मोटर बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा. चालू मोटरवर सर्व्हो थरथरले तर उडवायचं नाही. सुरू करताना रेडिओ आधी, विमान नंतर. बंद करताना विमान आधी, रेडिओ नंतर. हे उलट केलं आणि फेलसेफ चुकीचा असला तर उभ्या विमानाचा पंखा फिरतो आणि समोरच्याची बोटं जातात. 10 इंची प्रॉप, म्हणजे हाच पंखा, फोमच्या विमानाचा असला तरी बोट कापतो.

फेलसेफवर थांबतो, कारण छावणीत त्याला जास्त महत्त्व आहे. सिग्नल तुटला की रिसीव्हरनं काय करायचं, ते आधी ठरवून ठेवणं म्हणजे फेलसेफ. मोटर बंद झालीच पाहिजे. काही रिसीव्हर बाइंड करताना, म्हणजे रेडिओशी जोडताना, थ्रॉटलची (मोटरच्या वेगाची) काठी जिथे होती तीच जागा लक्षात ठेवतात. ती वर राहिली असेल तर सिग्नल गेल्यावर विमान पूर्ण ताकदीनं निघून जातं. तपासणी सोपी: प्रॉप काढा, मोटर अर्ध्या थ्रॉटलवर चालवा, रेडिओ बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर घरी जा. छावणीत भोवती इतर रेडिओ यंत्रं असतात, आणि ड्रोन अडवणारे जॅमर 2.4 गिगाहर्ट्झवरही बसतात. त्याच पट्ट्यावर आपलं विमान चालतं. म्हणून उडवण्याआधी तिथल्या सिग्नल अधिकाऱ्याला, म्हणजे फौजेचे रेडिओ सांभाळणाऱ्याला, वेळ आणि जागा कळवायची, ही औपचारिकता नाही. महूचं लष्करी ठाणं जवळ असलेल्या इंदूरकरांना सिग्नलवाले काय चीज आहेत, हे वेगळं सांगायला नको.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती जुनी आहे. 2.4 येण्याआधी 35 किंवा 72 मेगाहर्ट्झवर प्रत्येक रेडिओचं एक चॅनल असे, आत ते ठरवणारं क्रिस्टल. एकाच चॅनलवर दोघांनी रेडिओ लावला की हवेतलं विमान गेलंच. म्हणून मैदानावर खुंट्यांची पाटी असायची. आपल्या चॅनलचा चिमटा पाटीवरून उचलून अँटेनाला लावल्याशिवाय रेडिओचं बटण दाबायचं नाही. नव्या रेडिओंना चॅनल ठरवायची गरज उरली नाही, पाटी गेली, आणि पाटीसोबत मैदानावर कोण आहे, किती जण हवेत आहेत, पुढचा कोण, हे सगळं गेलं. आता पाच जण पाच दिशांना उभे राहून उडवतात आणि एकमेकांच्या पाठीवर उतरतात. पाटी परत आणा. चार चिमटे ठेवा, एका वेळी हवेत चार विमानं, पाचव्यानं थांबायचं. चारही वैमानिक एका रेषेत, पाठीमागे टेबलं, आणि कुणाचंही विमान त्या रेषेच्या मागे येणार नाही. उतरताना मोठ्यानं ‘लँडिंग’, मोटर बंद पडली तर ‘डेड स्टिक’, आणि तो पहिला.

बॅटऱ्यांचं थोडक्यात. तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरली की 12.6 व्होल्ट. आठवडाभर उडवणार नसाल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. 2200 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला 2.2 अँपिअरनं चार्ज करा. पूर्ण थ्रॉटलला मोटर 15 अँपिअर ओढत असेल तर 80 टक्के वापरायला सात मिनिटं लागतात, म्हणून टायमर सहावर. फौजी क्लबांची एक लाडकी युक्ती म्हणजे लिपो दारूगोळ्याच्या रिकाम्या लोखंडी पेटीत ठेवणं. पेटी उत्तम, पण तिच्या झाकणाचं रबर काढून टाका. सेल फुटला तर गॅसला वाट हवी. रबरासकट बंद केलेली पेटी म्हणजे तुम्ही स्वतःच बनवलेला बॉम्ब. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनवाल्यांनी मिथेनॉलची ज्वाळा उन्हात जवळपास दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवावं आणि विझवायचं साधन हाताशी ठेवावं.

इंदूरच्या हवेबद्दल सांगायलाच हवं. आपण साडेपाचशे मीटरवर राहतो. मे महिन्यात 40 अंशांना इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 14 टक्के विरळ होते. प्रॉपचा जोर तेवढाच घटतो आणि स्टॉलचा वेग सात-आठ टक्क्यांनी चढतो. मुंबईच्या मित्रानं ‘अर्ध्या थ्रॉटलवर मस्त उतरतं’ म्हणून सांगितलेलं विमान इथे दुपारी धप्पकन बसतं. सकाळी साडेसहा ते साडेआठ उडवा. पावसाळ्यात काळ्या मातीवर चाकं रुततात, तेव्हा चाकं काढून हातानं सोडा आणि पोटावर गवतात उतरवा. उन्हाळ्यात त्याच मातीच्या भेगांत पुढचं चाक अडकून नाक तुटतं. त्यावर गालिचाचा दोन मीटर रुंद पट्टा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

(संयोजकांनी चिठ्ठी दिली: ‘सात मिनिटं’.) म्हणजे मूळ विषय आता सात मिनिटांत.

कायदा एका श्वासात: 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं ते मॉडेल. नकाशावरच्या हिरव्या झोनमध्ये, जिथे आधी परवानगी लागत नाही, 400 फुटांपर्यंत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत. आपलं विमानतळ शहराला चिकटलेलं आहे, तेव्हा नकाशा पाहिल्याशिवाय गच्चीवरून काही सोडू नका.

क्लब हवा कशाला? लोक म्हणतात, ड्रोनचं युग आहे, म्हणून. अर्धं बरोबर. आजचा ड्रोन स्वतःला सांभाळतो. काठी सोडली की जागेवर थांबतो. त्यामुळे चालवणाऱ्याला हवा कळत नाही आणि जीपीएस गेल्यावर हात काम करत नाही. पंखाचं विमान सहा महिने उडवलेल्या जवानाला वाऱ्याची दिशा, स्टॉल आणि उलटी येणारी दिशा अंगात भिनलेली असते. विमान समोरून आपल्याकडे येताना ज्या बाजूचा पंख खाली दिसतो, त्या बाजूला काठी द्यायची, हे त्याला आठवावं लागत नाही. दुसरं, दुरुस्ती. सर्व्होचा दात तुटलाय की वायर, मोटर तापतेय ती मोठ्या प्रॉपनं की बेअरिंगनं, हे ओळखणारी माणसं युनिटला पुढे दहा ठिकाणी लागतात.

तिसरं, आणि यासाठीच मी आलो. मैदानाचा एक प्रमुख असतो, फ्लाइट लाइन, म्हणजे वैमानिकांची ती रेषा, त्याच्या ताब्यात. तो अनुभवानं नेमायचा, हुद्द्यानं नाही. हवालदार प्रमुख असेल आणि कर्नलसाहेबांनी फेलसेफ दाखवला नाही, तर हवालदारानं ‘साहेब, आज नाही’ म्हणायचं आणि साहेबांनी विमान गाडीत ठेवायचं. हे लेखी स्थायी आदेशात घाला, कमांडिंग ऑफिसरच्या सहीनं. नाहीतर पहिल्याच रविवारी नियम वाकेल आणि जवान शिकेल की तपासणी फक्त खालच्यांची होते. तोच जवान उद्या खऱ्या यंत्राच्या टेबलावर वरिष्ठासमोर गप्प बसेल. आणि प्रत्येक अपघाताची वही ठेवा. रकाने पाच: तारीख, विमान, वारा, तपासणी करणाऱ्या दोघांची नावं, सापडलेलं कारण. ‘दोषी’ असा रकाना नको. तो ठेवला की सगळ्या कारणांच्या जागी ‘सिग्नल गेला’ एवढंच लिहिलं जातं. तुटलेलं विमान फेकण्याआधी रिसीव्हर चालू करून एलेरॉन हलवून बघा आणि दिसेल ते वहीत लिहा.