कड्यावरून पडण्याचे शास्त्र

श्रोतेहो, नमस्कार.

जी गोष्ट डोळ्यांनी पाहायची तिच्याविषयी रेडिओवरून बोलायचे, हे काहीसे विचित्र आहे. तरीही आजच्या विषयातले एक दृश्य मी नुसत्या शब्दांनी सांगितले, तरी तुमच्यापैकी अनेकांना ते लख्ख दिसू लागेल. उजाड वाळवंट आहे, लालसर खडकांचे सुळके आहेत आणि त्यांच्यामधून गेलेला वळणावळणाचा रस्ता आहे. एक लांब मानेचा पक्षी धुळीचा लोट मागे ठेवून भरधाव निघून जातो. त्याच्या मागे लागलेला कायोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या जातकुळीतला एक हडकुळा अमेरिकन प्राणी, वळण चुकतो आणि सरळ कड्याबाहेर धावत जातो. तो लगेच पडत नाही. पायाखाली काहीही नसताना तो हवेत उभा राहतो, मग त्याला शंका येते, तो पायाने चाचपून पाहतो, खाली बघतो, आणि नंतर आपल्याकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर उमटलेली ती केविलवाणी समज पाहून आपण हसू लागतो. पडणे अजून व्हायचेच असते.

आपटणे, धडकणे, चपटे होणे, जळून काळे पडणे, दाताचे तुकडे होणे, या साऱ्यावर चालणाऱ्या अशा छोट्या कार्टूनपटांना बहुतेक समीक्षक धसमुसळा विनोद म्हणून बाजूला ठेवतात आणि पालक त्यांना पोरांची करमणूक समजतात. यातली दुसरी समजूत इतिहासाला धरून नाही. १९३० ते १९६० या काळातले हे सहा-सात मिनिटांचे चित्रपट अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवले जात असत आणि समोर सर्व वयांचा, मुख्यतः प्रौढांचा, प्रेक्षक बसलेला असे. पहिल्या समजुतीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण या आपटाआपटीइतका काटेकोर मोजमापाचा विनोद चित्रपटाच्या दुसऱ्या कोणत्याही प्रकारात मला दिसलेला नाही.

मघाच्या कायोटीकडे पुन्हा वळू. तो आणि रोड रनर हा पक्षी १९४९ साली वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून विभागात जन्माला आले. दिग्दर्शक होते चक जोन्स आणि कथालेखक होते मायकेल माल्टीज. कायोटी कड्यावरून पडतो तेव्हा तो लहान होत होत दरीत दिसेनासा होतो, आणि मग अगदी खाली धुळीचा एक छोटा ढग उठतो. या पडण्याविषयी जोन्स यांनी एक हिशोब सांगून ठेवला आहे. दिसेनासा होण्यास अठरा फ्रेम, आणि त्यानंतर धूळ उठेपर्यंत चौदा फ्रेम. तेरा ठेवल्या तर विनोद साधत नसे, पंधरा ठेवल्या तरी साधत नसे. चौदा ठेवल्या की प्रेक्षागृह हसत असे. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात. म्हणजे चौदा आणि पंधरा यांतले अंतर सेकंदाच्या चोविसाव्या भागाइतके झाले. एवढे सूक्ष्म अंतर माणसाच्या डोळ्याला जाणवत नाही असे आपण म्हणू, परंतु हसण्याला ते जाणवते.

गाणे ऐकणाऱ्याला सम कुठे येणार हे ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक असल्यामुळेच, ती आली की मान डोलते. कार्टूनमधला प्रेक्षकही असाच समेची वाट पाहत असतो. वरून ऐरण पडणार हे त्याला कळलेले असते, मांजराला तेवढे कळलेले नसते. दिग्दर्शकाचे कसब ती सम केसभर लांबवण्यात असते. लवकर आली तर अपघात दिसतो, उशिरा आली तर प्रेक्षक मनातल्या मनात आधीच हसून मोकळा झालेला असतो.

रंगमंचावरील विनोदी नटाला एक मोठी सोय असते. प्रेक्षक किती हसतात ते ऐकून तो पुढचे वाक्य थोडे थांबवून धरू शकतो, आणि आज जमले नाही तर उद्याच्या प्रयोगात बदलू शकतो. कार्टूनच्या दिग्दर्शकाला यातले काहीही मिळत नसे. एकही रेखाचित्र पक्के होण्यापूर्वी संपूर्ण चित्रपटाची वेळ कागदावर मांडावी लागे. कोणती हालचाल कोणत्या फ्रेमला सुरू होणार, कुठे थांबणार, डोळ्याची पापणी किती फ्रेम मिटलेली राहणार, हे त्या तक्त्यांवर लिहिलेले असे. सात मिनिटांच्या चित्रपटात दहा हजारांहून अधिक फ्रेम येतात. एक चित्र दोन फ्रेमपर्यंत टिकवले तरी हजारो चित्रे हाताने काढायची, पारदर्शक तावांवर उतरवायची, रंगवायची आणि एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवायची, असे ते काम होते. विनोद पडद्यावर येऊन हशा मिळेपर्यंत अनेक महिने गेलेले असत. एवढ्या काळानंतर होणाऱ्या हास्याचा क्षण आधीच ऐकू येणारा कान या मंडळींकडे होता, आणि तो त्यांनी मूकपटांच्या विनोदवीरांकडून घडवून घेतला होता.

चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, हॅरोल्ड लॉइड यांच्या मूकपटांत पडणे, धावणे आणि थोडक्यात वाचणे या गोष्टी कलेच्या पातळीवर पोचल्या होत्या. कार्टूनने त्या उचलल्या आणि त्यांतले एक बंधन काढून टाकले. कीटनचे शरीर कितीही लवचिक असले तरी ते हाडामांसाचे होते, आणि पडताना त्याला खरोखर लागण्याची भीती प्रेक्षकाच्या मनात कुठेतरी असायची. रेषेला ती भीती नाही. मात्र बंधन काढून टाकले म्हणून काहीही चालते असेही नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कार्टूनमधले गुरुत्वाकर्षण पडणाऱ्याचे लक्ष जाईपर्यंत थांबते, पण लक्ष गेल्यावर ते कोणालाही सोडत नाही. भिंतीवर रंगवलेल्या बोगद्यातून पक्षी आरपार निघून जातो, आणि तोच बोगदा रंगवणारा कायोटी त्याच भिंतीवर आदळतो. हा अन्याय आहे, पण तो प्रत्येक वेळी त्याच नियमाने होतो. निव्वळ गोंधळावर फार काळ हसता येत नाही. नियम ठाऊक झाला की त्या नियमाची वाट पाहत हसता येते.

आता श्रोत्यांना जवळचा वाटावा असा भाग, म्हणजे आवाज. या चित्रपटांचा निम्मा विनोद कानांनी होतो. टॉम आणि जेरी यांचाच विचार करा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एम.जी.एम. कंपनीसाठी १९४० साली हे मांजर आणि हा उंदीर पहिल्यांदा पडद्यावर आणले. तेव्हा मांजराचे नाव जॅस्पर होते. पुढे १९५८ पर्यंत हॅना आणि बार्बेरा यांनी मिळून केलेले त्यांचे ११४ लघुपट पडद्यावर आले, त्यांतल्या सात लघुपटांना ऑस्कर पुरस्कार मिळाले, आणि एवढ्या सगळ्यात ही नायकजोडी जवळजवळ काहीच बोलत नाही. टॉमची ती सुप्रसिद्ध किंकाळी, जी सुरू होताच शेपटीचे काय झाले असेल ते आपल्याला पाहावेही लागत नाही, ती स्वतः दिग्दर्शक हॅना यांच्या आवाजात आहे. बाकीचे बोलण्याचे काम स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत करते. उंदीर पावले मोजत चालला की तंतुवाद्यांच्या तारा छेडल्या जातात, तो धावला की सुरावट धावते आणि दार आदळले की पितळी वाद्ये ओरडतात. वॉर्नरकडे हेच काम कार्ल स्टॉलिंग करीत, आणि त्यांच्या जोडीला ध्वनिपरिणाम रचणारे ट्रेग ब्राउन असत. ब्राउन यांची खुबी अशी की दिसणाऱ्या वस्तूचा खरा आवाज ते पुष्कळदा टाळत आणि तिथे भलताच आवाज बसवत. तो इतका चपखल बसे की खरा आवाज खोटा वाटावा.

संगीत आणि मार यांचा सर्वांत सुंदर मेळ मला १९४७ सालच्या त्या लघुपटात दिसतो, ज्यात टॉम कोट घालून पियानोवर फ्रान्झ लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला बसतो आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो. मैफल थांबवायची नाही, ही टॉमची अट. झोप मोडल्याचा सूड घ्यायचा, ही जेरीची. त्यामुळे प्रत्येक चिमटा, प्रत्येक फटका लिस्टच्या मात्रांमध्ये बसवावा लागतो, आणि बोटे चेंगरली तरी टॉमला चेहऱ्यावरची कलावंताची ऐट सोडता येत नाही. एरवी उधळलेला दिसणारा विनोद इथे एका आधीच लिहिलेल्या रचनेच्या चौकटीत उभा राहतो, आणि दिग्दर्शकांनी तक्त्यांवर केलेला सारा गुप्त हिशोब उघडपणे ऐकू येतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. दुसऱ्याच्या वेदनेवर हसणे बरे का? फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० साली हास्याची मीमांसा करताना म्हटले होते की हसताना हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते. धसमुसळ्या विनोदाला हे सूत्र लागू पडते असे वाटते खरे, पण कायोटीच्या बाबतीत मला ते अपुरे वाटते. आपली सहानुभूती पूर्णपणे त्याच्याकडे असते. पक्ष्याला काहीच करावे लागत नाही. मेहनत सारी कायोटीची. तो ॲक्मी नावाच्या कंपनीकडून रॉकेट, स्प्रिंगा, चाकांचे बूट मागवतो, आराखडे काढतो, आणि योजना फसली की दुसरी आखतो. पक्ष्याच्या बाजूने हसणारा प्रेक्षक मी तरी पाहिलेला नाही. आणि वेदनेचे म्हणाल, तर ती पुढच्या दृश्यापर्यंत टिकत नाही. दरीच्या तळाशी चपटा झालेला प्राणी पुढच्याच क्षणी नवे खोके उघडताना दिसतो. जे टिकते ते फजितीचे भान, आणि त्याला इजा म्हणता येणार नाही.

टेक्स ॲव्हरी यांचा मार्ग याहून वेगळा होता. एम.जी.एम.मध्ये त्यांनी केलेल्या कार्टूनपटांत आश्चर्य वाटले की डोळे खोबणीतून हातभर बाहेर येतात, जबडा जमिनीवर आदळतो, आणि पात्रे पडद्याची चौकट ओलांडून पळतात. वेगाच्या बाबतीत त्यांना तोड नाही, मात्र त्यांचे चार लघुपट लागोपाठ पाहिले की मला तरी थकवा येतो.

या कौतुकात एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. स्फोट झाल्यावर पात्राचा चेहरा काळा पडतो, केसांच्या वेण्या उभ्या राहतात आणि ते कृष्णवर्णीयांचे कुचेष्टेचे चित्र बनते, असे प्रसंग त्या काळच्या अनेक कार्टूनपटांत आहेत. टॉम राहतो त्या घरातली कृष्णवर्णीय बाईही, जिचे बहुधा पायच दिसतात, अशाच साच्यातून काढलेली आहे. पुढच्या काळात हे भाग कापले गेले किंवा सूचनेसह दाखवले जाऊ लागले. हे विनोद म्हणूनही आळशी आहेत. सेकंदाच्या चोविसाव्या भागासाठी झुरणारे लोक इथे मात्र तयार साचा उचलतात.

हा प्रकार संपला तो हिशोबानेच. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या चित्रपट कंपन्यांची चित्रपटगृहांवरील पकड मोडणारा निकाल दिला. मुख्य चित्रपटाला लघुपट जोडून चित्रपटगृहांच्या गळ्यात मारणे त्यानंतर पूर्वीसारखे शक्य राहिले नाही, त्यात दूरचित्रवाणी आली, आणि एम.जी.एम.ने आपला कार्टून विभाग १९५७ साली बंद केला. हॅना आणि बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले. तिथे वेळ आणि पैसा इतका कमी होता की धड स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा सरकवायची, असा मार्ग त्यांनी काढला. साहजिकच विनोद शरीराकडून संवादाकडे गेला. त्या मालिकांना स्वतःची गोडी आहे, पण त्यांत कोणी पडले तर पडण्याचा आवाज पडद्याबाहेरून येतो.

पुढे टॉम आणि जेरी यांचे नवे लघुपट निघाले. त्यांतले चौतीस १९६३ ते १९६७ या काळात खुद्द चक जोन्स यांच्या हाताखाली तयार झाले. कायोटीच्या चौदा फ्रेम मोजणाऱ्या माणसाकडे ही जोडी आल्यावर सर्वोत्तम काहीतरी घडेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. ते लघुपट देखणे आहेत. टॉमच्या भुवया जाड झाल्या, जेरीचे डोळे मोठे आणि गोड झाले, पार्श्वभूमी मोहक झाली. पण जोन्स यांचा विनोद थांबण्यात होता, विचार करणाऱ्या चेहऱ्यावर होता, आणि टॉम हा विचार करणारा प्राणीच नव्हे. तो झेप घेतो, आदळतो, ओरडतो आणि पुन्हा झेप घेतो. जोन्स त्याला कड्याच्या टोकाशी आणून थांबवतात, त्याला आपल्याकडे पाहायला लावतात, आणि तेवढ्यात जेरी केव्हाच बिळात शिरलेला असतो.