आधी काम, मग वर्ग

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

आजचा विषय ‘स्थानिक रोजगारनिर्मिती आणि कौशल्य प्रशिक्षण’ असा छापला आहे आणि त्यातील क्रम मला फार आवडला. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आधी वर्ग भरतो, मग प्रमाणपत्रे वाटली जातात आणि काम कोठे आहे हा प्रश्न शेवटी उमेदवारालाच विचारला जातो.

एका संस्थेच्या शिवणवर्गाच्या समारोपाला मी पाहुणा होतो. यंत्रे उत्तम होती आणि शिक्षिका मन लावून शिकवणाऱ्या होत्या. अहवालात किती जणी शिकल्या, किती तास शिकल्या, यंत्रांना तेल कितीचे लागले याचाही हिशेब होता; पूर्वीच्या तुकड्यांतील किती जणींना काम मिळाले, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. मी विचारले, तेव्हा तसा रकानाच नमुन्यात नाही, असे उत्तर मिळाले. त्याच वस्तीतून एकामागून एक तुकड्या बाहेर पडत असल्यामुळे प्रत्येकीने शेजारणीचे कपडे शिवावेत आणि शेजारणीने तिचे, एवढीच बाजारपेठ उरली होती. (हशा) आपण हसलात. संयोजक हसले नाहीत, त्यांनी पुढच्या तुकडीच्या उद्घाटनाचे निमंत्रण मला तेथेच दिले.

याचा अर्थ जुनी उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करत शिकण्याची पद्धत, जशीच्या तशी परत आणावी असा नाही. इंग्लंडमध्ये 1563 च्या कायद्याने अनेक धंद्यांसाठी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती आणि अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी 1776 मध्ये तिच्यावर टीका करताना घड्याळे बनवण्याचे काम समजावून द्यायलाही काही आठवडे पुरेत, असे म्हटले होते. घड्याळे बनवणाऱ्यांचे यावर काय मत होते, ते मला ठाऊक नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात सांगतो. मालक प्रशिक्षणावर खर्च करत नाहीत, कारण आपण शिकवलेला माणूस उद्या शेजारचा कारखाना पळवील अशी त्यांना भीती असते. कोठेही उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा खर्च मालक स्वतःहून का उचलत नाही, याची मांडणी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 च्या आपल्या पुस्तकात केली. त्याच वर्षी ब्रिटनने उद्योगांकडून प्रशिक्षण-उपकर, म्हणजे प्रशिक्षणाच्या खर्चासाठीचा वेगळा कर, घेण्याचा कायदा केला, तर सिंगापूरने 1979 मध्ये असाच उपकर लावला. सर्वांनीच वाटा उचलला की पळवापळवीतला फायदा बराचसा संपतो. जर्मनीत 1969 च्या कायद्याने घालून दिलेल्या व्यवस्थेत उमेदवाराचा करार आस्थापनेशी होतो, तो काम करता करता व्यवसायशाळेतही जातो आणि त्याची परीक्षा उद्योग व कारागिरांची मंडळे घेतात.

परिसरातील लहान उद्योजकांनी एकत्र येऊन एक सामायिक कार्यशाळा चालवावी, किती जागा भरणार हे लेखी कळवावे आणि तेवढेच प्रवेश द्यावेत, एवढी माझी सूचना आहे. उमेदवाराला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन का द्यावे, हे सविस्तर सांगायचे होते. ते प्रश्नोत्तरांत कोणी विचारले, तर अध्यक्षांच्या परवानगीने सांगेन.