दीड टक्का जास्त

(दृश्य : मालवण, जुलै. किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या होड्या. मागे वर्कशॉपचा पत्रा पावसात वाजतोय.)

१ जून ते ३१ जुलै, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. मासेमारी बंद असली, तरी वर्कशॉपला मात्र याच दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. बोटींना रंग लागतो, जाळी दुरुस्त होतात, इंजिनं खोलली जातात. आणि इंजिन खोललं की काहीतरी निघतंच.

या खेपेला निघालाय तो हा एल्बो. इंजिनातलं गरम पाणी बाहेर नेणारा, काटकोनात वळलेला बिडाचा पाइप. खाऱ्या पाण्याने आतून असा खाल्लाय की फ्लँजची, म्हणजे पाइपच्या तोंडाशी बोल्टने जोडायच्या चकतीची, कड नखाने टोकरली तरी भुगा पडतो. इंजिन जुनं, त्याचं उत्पादन कधीच थांबलेलं. जुन्या बाजारात जोड मिळाला तर मिळाला.

अशा वेळी पूर्वी एकच वाट होती. सुतार-मिस्त्रीकडून सागवानाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, करून घ्यायचा, घाट चढून तो कोल्हापूरच्या फाउंड्रीत न्यायचा आणि त्यावरून पाइप धातूत ओतून आणायचा. आजही वाट तीच आहे. बदललाय तो फक्त पॅटर्न.

(दृश्य : टेबलावर थ्रीडी प्रिंटर. नोझल पुढे-मागे सरकतंय.)

थरावर थर चढवून वस्तू घडवण्याची ही कल्पना काही कालची नव्हे. जपानमध्ये नागोयाच्या हिदेओ कोदामांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेवर केलेलं काम १९८१ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेत चक हल यांना १९८६ मध्ये त्याच धर्तीच्या तंत्राचं पेटंट मिळालं. इथे दिसतोय तो प्रकार प्लास्टिकची तार वितळवून रेघा ओढणारा. त्याचं पेटंट स्कॉट क्रंप यांचं, अर्ज १९८९ चा. ते २००९ च्या सुमारास संपलं आणि मग ही यंत्रं कंपन्यांच्या प्रयोगशाळांतून बाहेर पडून अशा पत्र्याच्या शेडपर्यंत आली.

पण यंत्र शेवटी आलं. त्याआधीचं काम मापाचं, आणि खरी गोम तिथेच.

समोरचा एल्बो झिजलेला आहे. स्कॅनर लावला, तर तो या झिजेचीही इमानेइतबारे नक्कल करील. पाइप मुळात किती जाड होता, फ्लँज कुठवर होती, हे स्कॅनरला कुठून कळणार? ते कळतं वर्कशॉपच्या मिस्त्रींना. शाबूत राहिलेल्या कोपऱ्यावर ते व्हर्नियर लावतात, इंजिनाच्या बाजूचे स्टड, म्हणजे फ्लँज ज्यांवर बसते ते आट्यांचे दांडे, मोजतात, आणि ‘इथे आठ मिलिमीटर असणार’ असं म्हणून मोकळे होतात. संगणकावर बसलेला मुलगा तो आकडा टाकतो. मला विचाराल तर या सगळ्या ‘डिजिटल’ कामातला सर्वांत मोलाचा भाग हे एक वाक्य आहे.

आता अख्खा एल्बो छापायची घाई नाही. आधी छापायची नुसती फ्लँज, दोन मिलिमीटर जाडीची चकती. अर्ध्या तासाच्या आत ती हातात येते. मिस्त्री ती स्टडवर बसवून बघतात. तीन भोकं सरळ बसतात, चौथं अडतं. कानशीने हलकेच घासल्यावर कळतं, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तेवढा फाइलमध्ये दुरुस्त केला आणि दुसरी चकती निघाली. ही चूक धातूत ओतल्यावर कळली असती, तर घाटाची एक खेप वाया गेली असती.

(दृश्य : तांडेल छापलेला एल्बो हातात घेऊन उलटसुलट बघतोय.)

तांडेल म्हणतो, “हो प्लास्टिकचो माका नको. धातूचो व्हयो.”

बरोबरच आहे त्याचं. हे प्लास्टिक आहे पीएलए. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, आणि इंजिनाचं पाणी सहज त्यापुढे जातं. हा तुकडा बोटीवर जाणारच नाही. तो जाणार वाळूत, साचा उठवायला.

म्हणूनच तो मूळ मापापेक्षा मोठा आहे. नवा एल्बो ओतायचाय गनमेटलचा, म्हणजे तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा, आणि गनमेटल गार होताना साधारण दीड टक्का आक्रसतं. म्हणजे शंभर मिलिमीटर हवे असतील, तर पॅटर्न १०१.५ मिलिमीटरचा. फ्लँजच्या तोंडावर लेथने घासायला दोन-तीन मिलिमीटर वेगळे. बाजूंना किंचित उतार, नाहीतर वाळूतून उचलताना साचा ढासळतो. पाइप पोकळ, म्हणून आतली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्यासाठी, म्हणजे कोअरसाठी, त्याचा साचा, कोअर बॉक्स, हाही छापावा लागतो. थरांच्या बारीक रेघांत वाळू अडकते. त्यावर पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. हे हातानेच.

आणि कोकणातला पावसाळा! ही तार हवेतला ओलावा पिते. दोनशे अंशांच्या नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते, चट्-चट् आवाज येतो आणि पार्टवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लोंबतात. म्हणून रीळ झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत; आणि वापरण्याआधी पन्नास अंशांच्या आत काही तास वाळवायचं. विजेचं काय करणार? छपाई सहा तासांची, आणि पाचव्या तासाला लाइट जाते. यंत्र नंतर तिथूनच पुढे सुरू होतं खरं, पण तोवर खालची पाटी गार होऊन पार्ट सुटलेला असतो. इन्व्हर्टर घेतल्याशिवाय इथे या धंद्यात पडू नये.

धातूची भुकटी लेझरने वितळवून थेट धातूचा पार्ट करणारी यंत्रंही आता आहेत. विमानाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या कामात तो खर्च परवडतो. मासेमारीच्या बोटीच्या एल्बोला तो परवडवून दाखवा!

पॅटर्न फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला जातो. ओतकाम परत आलं की फ्लँज लेथवर घासायची, भोकं पाडायची, पाणी भरून गळती बघायची. फाइल संगणकात राहते. पुढे तोच एल्बो ॲल्युमिनियममध्ये ओतायचा ठरला, तर दीड टक्क्याचा आकडा बदलायचा, बाकी सगळं तसंच.

(दृश्य : दुसरा एक खलाशी दारात. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.)

त्यानेही ‘त्या मशीनवर’ काम करून मागितलंय. मिस्त्री फडकं सोडतात. शाफ्टचा झिजलेला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. साधा, गोल. प्रिंटरकडे न बघताच ते गनमेटलचा बार शोधायला लागतात.

“ह्येका लेथच बरो. चाय पिऊन ये.”