भांडण झालं की जखम उशिरा भरते

नमस्कार! नवरा-बायकोचं भांडण मनाला लागतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते कातडीपर्यंत पोहोचतं का? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क मोजून पाहिलं. अभ्यास प्रसिद्ध झाला २००५ मध्ये.

४२ निरोगी जोडपी निवडली. प्रत्येक जोडप्याला रुग्णालयातल्या संशोधन कक्षात दोनदा, एकेक दिवस मुक्कामाला बोलावलं. दर वेळी दोघांच्या हातावर हवा शोषणाऱ्या उपकरणाने छोटे फोड उठवले आणि मग दोघांना बोलायला बसवलं. पहिल्या मुक्कामात एकमेकांना आधार द्यायचा. दुसऱ्यात मात्र घरी ज्यावरून नेहमी वाजतं, तोच विषय काढायचा. पुढे कितीतरी दिवस त्या जखमा तपासल्या.

वादानंतरच्या जखमा सावकाश भरल्या. जखम भरायला शरीर सायटोकाइन नावाची रसायनं तिथे पाठवतं. वादानंतर ती जखमेपाशी कमी सापडली. आणि जी जोडपी जास्त कडवटपणे भांडली, त्यांच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रसायनं वाढलेली होती. म्हणजे हवीत तिथे कमी, नकोत तिथे जास्त! या कडवट जोडप्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या फक्त ६० टक्के होता.

आता इथे जरा थांबा, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मतभेद सगळ्याच जोडप्यांत होते, वाद सगळ्यांनीच घातला. फरक पडला तो टोमण्यांनी, हिणवण्याने, समोरच्याला तुच्छ लेखण्याने. त्यामुळे 'आमच्यात कधी भांडणच होत नाही' याचं फार कौतुक करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग करायचं काय? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एली फिंकेल यांनी शिकागो परिसरातल्या १२० जोडप्यांचा दोन वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी जोडप्यांचं वैवाहिक समाधान सरासरी घसरलं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना लिहायला सांगितलं, तेही फक्त तीनदा, सात-सात मिनिटं. दोघांचंही भलं चिंतणारा एखादा तिऱ्हाईत माणूस आपल्या भांडणाकडे कसा बघेल? त्याला यातून काय चांगलं दिसेल? आणि पुढच्या भांडणात त्याच्या नजरेने बघायला मला कशाची अडचण येईल?

या जोडप्यांची घसरण थांबली. भांडणं कमी झाली नाहीत बरं का, त्यांचा त्रास कमी झाला. वर्षाला २१ मिनिटं! वही घ्या आणि दोघांनी आपापलं वेगवेगळं लिहा.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, जोडीदार घरी आला की पोटात गोळा येत असेल, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. ते भांडण नव्हे, ती हिंसा आहे. तिथे तिऱ्हाइताच्या नजरेने समजून घेत बसू नका. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.