कन्व्हर्टर मागवण्याआधी दाते मोजा

मंडळी, मी गॅरेजवाला. भाषण मला जमत नाही, पण जुन्या गाड्यांच्या या मेळाव्यात टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या डब्यावर, बोल म्हणालात, तर माझ्याच फजितीपासून सुरू करतो.

एक जुनी शेव्हरले इम्पाला गाडी आली होती. पॉवरग्लाइड गिअरबॉक्स, म्हणजे पुढे जायला दोनच गिअर. जागेवरून उठताना गाडी रडायची, पण हायवेला लागली की ठीक. हे लक्षण ओळखून ठेवा: कन्व्हर्टरच्या आतल्या स्टेटरचा (तेल वळवणाऱ्या मधल्या चाकाचा) एकाच दिशेला फिरणारा क्लच घसरतोय. याउलट तो क्लच जाम झाला, तर गाडी उठते छान, पण वेगात ओढल्यासारखी होते आणि तेल तापतं.

निदान बरोबर आलं, म्हणून मी फुशारलो. फोटो बघून परदेशातून कन्व्हर्टर मागवला. आला, लावायला गेलो, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसेना. आमच्या शाफ्टला १७ दाते, आलेला माल टर्बो ३५० या दुसऱ्याच गिअरबॉक्सचा, त्याला ३०. भाडं, कस्टम, सगळं पाण्यात. तेव्हापासून आधी जुना उतरवायचा, दाते मोजायचे, इंजिनाच्या क्रँकमध्ये शिरणाऱ्या कन्व्हर्टरच्या नाकाचा व्यास घ्यायचा, बोल्टचं वर्तुळ मोजायचं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते बहुधा पावणेअकरा किंवा साडेअकरा इंच असतं. इंजिन बदललेलं असेल तर कागदपत्रांवर विसंबू नका.

आता स्टॉल स्पीड. ब्रेक दाबून गाडी रोखली, गिअर डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) टाकून पूर्ण रेस दिली, की इंजिन ज्या आरपीएमवर अडकतं तो आकडा. ही चाचणी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नका, तेल उकळेल. पोरं येतात, ‘हाय स्टॉल टाका, पिकअप येईल’. अरे, तो आकडा कन्व्हर्टरच्या खोक्यावर छापलाय, पण त्याच कन्व्हर्टरला ताकदीचं इंजिन लावलं की आकडा वर जातो आणि लेचंपेचं लावलं की खाली येतो. साध्या इंजिनाला, जड गाडीला कंपनीच्या मूळ आकड्याजवळचाच घ्या. दोन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तर कन्व्हर्टरच निम्मं काम करतो: पहिला गिअर १.८२ किंवा १.७६, त्यावर उठताना कन्व्हर्टर टॉर्क साधारण दुप्पट करतो.

आणि जास्त स्टॉल म्हणजे जास्त घसरण, घसरण म्हणजे उष्णता. इथं चाळिशीपार उन्हात या गाड्या कुठे जातात? वरातीत! बँडमागे चालत्या माणसाच्या वेगाने, वारा नाही, रेडिएटर तापलेला. गिअरबॉक्सचं तेल थंड होतं त्याच रेडिएटरच्या टाकीत, म्हणजे तापलेल्या तव्यावर पाणी थंड करायला ठेवल्यासारखं. वेगळा ऑइल कूलर लावाच. जुना कन्व्हर्टर फुटून कचरा झाला असेल तर कूलरच्या नळ्या धुऊन घ्या, नाहीतर नव्यातही तोच कचरा जातो.

बसवताना लिटरभर तेल आधी आत ओता. मग फिरवत फिरवत आत ढकला, पंपाच्या खाचेत बसेपर्यंत. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं आवरण) इंजिनाला टेकलं की फ्लेक्सप्लेट (इंजिनाला लागलेली पातळ चकती) आणि कन्व्हर्टर यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर जागा दिसली पाहिजे. जागा नसेल तर बोल्टने आवळून ओढू नका, सगळं परत उतरवा.