ज्या गोष्टी तिच्या हाती नसतात

भोसरीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली आणि लैंगिक आजारांवर उपचार करणाऱ्या पुण्यातील दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी तेथील संशोधकांनी हाती घेतली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९१६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यातील जवळजवळ निम्म्या जणींना एचआयव्हीची लागण झाली होती. उरलेल्या ३९१ जणी या व्यवसायात नव्हत्या. त्यांतील बहुतेकींनी नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध नसल्याचे सांगितले होते, आणि तरीही या गटातील १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली आढळली. एकाच जोडीदाराशी निष्ठा राखा, हा आरोग्यशिक्षणाचा उपदेश त्यांनी तंतोतंत पाळला होता. धोका आला तो नवऱ्याच्या वागण्यातून, आणि त्याला अडवण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते.

म्हणून स्त्रीच्या लैंगिक वर्तनाचा अभ्यास करताना तिच्या भोवतीची परिस्थिती आधी पाहावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. आपल्याकडे बहुतेक मुलींच्या लैंगिक आयुष्याची सुरुवात लग्नानेच होते आणि लग्नाची तारीख घरातील वडीलधारी माणसे ठरवतात. शाळा सुटली की ती तारीख जवळ येते, शिक्षण बारावीपलीकडे गेले की लांबते. वयाने बऱ्याच मोठ्या, कमावत्या नवऱ्याला निरोध वापरायला सांगणे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला कितपत जमेल, याचा विचार धोरणे आखणाऱ्यांनी जरूर करावा.

कुटुंबनियोजनाचा भारही तिच्यावरच आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ४९.१ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते; पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. अनेकींचे ऑपरेशन तिशीच्या आतच उरकते. त्यानंतर गर्भ राहण्याची भीती उरत नाही, त्यामुळे निरोधाचा विषय काढायला तिला कारणच राहत नाही. तरीही तो काढला, तर त्याचा अर्थ नवऱ्यावर संशय असा घेतला जातो. दहा बाय दहाच्या खोलीत सासू-सासरे आणि मुले शेजारी झोपलेली असताना असे बोलणे व्हायचे तरी कुठे?

अविवाहित स्त्रीची अडचण वेगळी, आणि या शहरात ती जुनी आहे. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या आणि दिवस गेलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, कारण त्या काळी विधवेपुढे गर्भ लपवणे, मूल मारणे किंवा जीव देणे एवढेच मार्ग उरत. आज लातूर-जालन्याहून शिकायला आलेली, पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलगी कितीतरी मोकळी आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या टप्प्यातील गर्भपाताचा हक्क अविवाहित स्त्रियांनाही असल्याचे स्पष्ट केले. पण केसपेपर काढताना लग्न झाले आहे का, हा प्रश्न आला की कितीतरी मुली खोटे बोलतात किंवा उठून निघून जातात. या विषयावरील आकडे म्हणूनच सावधपणे वाचावेत. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांचे जे सर्वेक्षण झाले, त्यात विवाहपूर्व संबंधांविषयीचे उत्तर बंद पाकिटात देण्याचीही सोय ठेवावी लागली होती.

सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांवरील उपचार केंद्रांत, आज जोडीदारालाही उपचारासाठी बोलावतात, कारण एकट्या स्त्रीने औषध घेतले आणि नवऱ्याने घेतले नाही, तर तिला तोच आजार पुन्हा होतो. मात्र तिथे यायचे तर नवऱ्याला रोजंदारी बुडवावी लागते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील पाळ्या पाहून या केंद्रांच्या वेळा ठेवल्या, तर त्याला न येण्याचे एक कारण तरी कमी होईल.