परिशिष्ट वाचणारी माणसं

सांगली. विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे. राजकारण आणि धोरणाच्या बातम्या देणारं एक छोटं पोर्टल इथून चालतं. माणसं तीन. खालचं मशीन घरघरायला लागलं की रेकॉर्डिंग थांबवायचं.

राजकारणाची बातमी इथं पायानं चालत येते. कुठल्या लग्नात कोण कुणाच्या शेजारी जेवायला बसलं, हे दुपारपर्यंत तालुक्याला ठाऊक असतं. धोरणाची बातमी मात्र पीडीएफमध्ये दडलेली असते.

संपादक ताई शासन निर्णय शेवटाकडून वाचतात. 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ आहे का, ते आधी बघायचं. मग तो लांबलचक संकेतांक सरकारी साइटवर टाकायचा. सापडला तर जीआर खरा. त्यानंतर परिशिष्ट. ''प्रस्तावना नंतर. ती भाषणात ऐकायला मिळतेच.''

21 फेब्रुवारी 2022 चा जीआर त्यांनी असाच वाचला होता. केंद्राच्या 1966 च्या आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची. राज्यानं तिचे दोन हप्ते केले. पुणे विभागात, म्हणजे सांगलीतही, पहिला हप्ता 10 टक्के उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, धरून. उरलेलं हंगाम संपल्यावर.

ताई फळ्यावर आकडे मांडतात. 2024-25 चा दर, 10.25 उताऱ्याला टनाला 3400. पुढच्या प्रत्येक पॉइंट एक टक्क्याला 33 रुपये 20 पैसे. उतारा 12 असेल तर 3981. उतारा 10 धरला तर 3317. तोडणी-वाहतूक दोन्हीकडं वजा होणारच. फरक टनाला 664 रुपये. एकरी 40 टन ऊस असेल, तर साडेसव्वीस हजार रुपये हंगामभर अडकले. सोसायटीच्या कर्जाचं व्याज काही थांबत नाही.

मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो जीआर रद्द केला. याचिका शेतकरी नेते राजू शेट्टींची होती. त्या दिवशी बाकीच्यांची बातमी 'कोण जिंकलं' एवढीच. इथं पुन्हा हाच फळा.

असल्या बातमीला पक्षप्रवेशाइतकं कुणी बघत नाही. शिवाय या जिल्ह्यात मोठी जाहिरात कुठून येते, हे वेगळं सांगायला नको. एका दिवाळीत ती आलीच नाही. कुणाची, ते ताईंनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

फोन वाजतो. वाळव्याकडचे एक काका.

''ताई, पहिली उचल म्हंजेच एफआरपी न्हवं का?''

''नाही काका. बिल आहे का जवळ? उतारा किती लिहिलाय त्याच्यावर?''

''हाय की. पर चष्मा न्हाई. थांबा, नातीला देतो.''

ताई फळ्याचा एक कोपरा पुसतात. खडू हातातच.